इतिहासावर आधारलेला हस्तघडणीचा दागिना स्वतंत्र डिझायनरकडून घडवून घ्यावा का?

शाहूपुरी_वाचक (प्रश्न)

नमस्कार. आमच्या मुलीचे लग्न येत्या मार्गशीर्षात आहे. घरातला साज, ठुशी आणि पुतळ्यांची माळ तिला परंपरेने मिळणारच आहे, त्याबद्दल कोणाचाही वाद नाही. परंतु स्वतःचा म्हणून एक दागिना तिला कोल्हापुरातच एकटीने काम करणाऱ्या एका तरुण डिझायनरकडून घडवून घ्यायचा आहे. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातील स्त्रीशिल्पांच्या गळ्यात जे अलंकार दिसतात, त्यांच्या आधारे या बाई एक कंठा आणि त्याला जुळणारी कर्णभूषणे करणार आहेत. त्यांनी दाखवलेली रेखाटने खरोखरच सुंदर आहेत आणि बाजारात ठिकठिकाणी दिसणाऱ्या ‘टेम्पल ज्वेलरी’च्या ठरावीक साच्यापेक्षा ती फार वेगळी आहेत.

अडचण अशी की, सोने १८ कॅरटचे असेल, वजन सुमारे ३० ग्रॅम भरेल, घडणावळ टक्केवारीने न घेता ठोक रकमेत घेतली जाईल आणि रचनेचे शुल्क त्याहून वेगळे द्यावे लागेल, असे त्यांनी सांगितले आहे. सासूबाईंचे म्हणणे आहे की एवढ्या पैशांत गुजरीमध्ये (कोल्हापूरच्या सराफ बाजारात) २२ कॅरटचा, ओळखीच्या सराफाकडचा आणि अडीअडचणीला मोडता येईल असा दागिना मिळत असताना या फंदात कशासाठी पडायचे. मुलीचा आग्रह आणि सासूबाईंचा व्यवहार हे दोन्ही मला पटतात, म्हणून जाणकारांना विचारते आहे. ‘इतिहासावर आधारित’ आणि ‘हस्तघडणीचा’ या दोन शब्दांसाठी आपण जे जादा पैसे मोजणार आहोत, ते शब्द खरे आहेत हे ओळखायचे कसे? आणि १८ कॅरटचा आग्रह योग्य आहे का?

गुजरीतला_हात

ताई, आमच्या घरात हे काम पिढीजात आहे, त्यामुळे आधी घडणीबद्दल सांगतो. इतिहासाबद्दल येथे माझ्यापेक्षा अधिक वाचलेले लोक आहेत.

‘हस्तघडण’ म्हणजे कारागिराने कोणत्याही साधनाशिवाय केलेले काम, असे कोणी समजू नये. आपला कोल्हापुरी साजच घ्या. त्याची पाने सोन्याचा पातळ पत्रा ठशावर बसवून उठवली जातात, मागील बाजू झाळून, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधून, बंद केली जाते आणि पोकळीत लाख भरली जाते. पानांमधले जवमणीही पोकळच असतात. म्हणूनच दिसायला भरघोस असणारा साज अंगावर जड होत नाही. एकवीस पानी साजात दहा पाने दशावतारांची, आठ अष्टमंगलांची, दोन माणिक-पाचूची आणि एक ताईत असा हिशेब परंपरेने सांगितला जातो. ही सगळी हस्तघडणच आहे, ठसा वापरला तरीही, कारण पत्रा किती पातळ करायचा, सांधा कुठे झाळायचा आणि कडा कितपत कोरायची हे प्रत्येक वेळी हातच ठरवतो.

याच्या उलट पद्धत म्हणजे ओतकाम, ज्याला बाजारात ‘कास्टिंग’ म्हणतात. यात संगणकावर आराखडा काढून त्याचा मेणाचा किंवा रेझिनचा नमुना तयार करतात, त्याभोवती साचा करून नमुना जाळून काढतात आणि त्या जागी वितळलेले सोने ओततात. ही पद्धत वाईट आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. नाजूक, एकसारख्या तुकड्यांसाठी ती सोयीचीच आहे. मात्र ओतीव दागिन्याला हस्तघडणीची मजुरी लावणे हे गिऱ्हाइकाला फसवणे आहे, आणि हल्ली ते सर्रास चालते.

ओळखण्यासाठी दागिना उलटा करून पाहावा. समोरची बाजू सगळेच चकचकीत करतात, मागची बाजू खरे बोलते. हाताने जोडलेल्या कामात मागे पत्र्याच्या कडा, झाळलेले सांधे, तारेची टोके दिसतात, आणि दोन सारख्या तुकड्यांत सूक्ष्म फरक असतोच. ओतीव कामात मागची बाजू बहुधा एकसंध, थोडी खरबरीत किंवा यंत्राने पोखरल्यासारखी असते आणि सगळे तुकडे हुबेहूब एक असतात. सर्वांत सोपी खूण रव्याची, म्हणजे सोन्याच्या बारीक दाण्यांच्या कामाची. हाताने रवा करताना सोन्याच्या तारेचे बारीक तुकडे कोळशावर ठेवून आच देतात. प्रत्येक तुकडा वितळून आपोआप गोल होतो आणि मग तो एकेक दाणा पृष्ठभागावर बसवून झाळला जातो. त्यामुळे दोन दाण्यांमधली खाच खोल आणि स्पष्ट राहते. ओतकामात तोच रवा खालच्या पत्र्यात मुरल्यासारखा दिसतो आणि खाचा बुजलेल्या असतात. साध्या भिंगाखाली हा फरक कोणालाही दिसेल. आपल्या डिझायनरने आधी केलेला एखादा दागिना मागून घेऊन हे नक्की पाहा.

आता कॅरटचा प्रश्न. २२ कॅरटचे सोने मऊ असते. हिरा किंवा माणिक नख्यांमध्ये पकडायचे असेल, तर त्या नख्या वापराने वाकतात आणि खडा निसटतो, म्हणून खड्यांच्या कामाला १८ कॅरट घेतात. यात लबाडी काही नाही. पण कंठ्यात नख्यांचे खडे नसतील, नुसता रवा, तार आणि पत्र्याचे काम असेल, किंवा खडे जुन्या पद्धतीने कोंदणात (म्हणजे कुंदन पद्धतीने, खड्याभोवती सोन्याचा पातळ पत्रा दाबून) बसवायचे असतील, तर २२ कॅरटमध्ये तो कंठा करायला काहीच हरकत नाही. तेव्हा आधी खड्यांबद्दल विचारा, कॅरट त्यावरून ठरेल.

तुलना करताना एकूण रकमेशी एकूण रक्कम लावू नका. ३० ग्रॅमच्या १८ कॅरट दागिन्यात शुद्ध सोने २२.५ ग्रॅम असते आणि तेवढ्याच वजनाच्या २२ कॅरटमध्ये सुमारे २७.५ ग्रॅम. दोन्हीकडे शुद्ध सोन्याची किंमत बाजूला काढून जी रक्कम उरते ती कामाची, आणि ती तुम्हाला द्यावीशी वाटते का, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो.

हॉलमार्कबाबत एक सूक्ष्म गोष्ट आहे. दागिन्यावर बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) चिन्ह, शुद्धतेचा अंक (२२ कॅरटसाठी ९१६, १८ कॅरटसाठी ७५०) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळखक्रमांक) अशा तीन खुणा असायला हव्यात; तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या अॅपवर टाकला की नोंद दिसते. परंतु ४० लाखांहून कमी वार्षिक उलाढाल असलेल्या व्यावसायिकांना या सक्तीतून सूट आहे, आणि कुंदन, पोलकी व जडाऊ दागिनेही सक्तीबाहेर आहेत. स्वतंत्र डिझायनर बहुतेक वेळा याच सवलतीत बसतात. त्यामुळे सक्ती नसली तरी एखाद्या नोंदणीकृत सराफामार्फत हॉलमार्क करून द्यावा, अशी अट आधीच घालावी. कंठ्यात लाख असेल तर पावतीवर लाखेसह वजन आणि निव्वळ सोन्याचे वजन वेगवेगळे लिहून घ्यावे. लाखेला सोन्याचा भाव देणारे लोक आजही आहेत.

कोपेश्वर_परिक्रमा

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी ‘इतिहासावर आधारित’ या भागाबद्दल लिहितो, कारण या नावाखाली आज काहीही विकले जाते.

शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी असलेले कोपेश्वर मंदिर मुख्यतः शिलाहार राजघराण्याच्या काळातले, म्हणजे बाराव्या शतकातले आहे. त्यावरील शिल्पांत कंठे, हार, केयूर (दंडातले अलंकार), मेखला (कमरेच्या साखळ्या), नूपुर (पैंजण) आणि मोठी कर्णभूषणे अतिशय बारकाईने कोरलेली आहेत, त्यामुळे डिझायनरने निवडलेला आधार अगदी सकस आहे. तरीही दगडातला दागिना आणि अंगावरचा दागिना यांच्यात एक अंतर आहे, आणि ते डिझायनरला माहीत आहे की नाही हीच तिची खरी परीक्षा. शिल्पातल्या गोल मण्यांची माळ सोन्याची होती, मोत्यांची होती की रंगीत खड्यांची, हे काळ्या पाषाणावरून कळत नाही. कोरलेली जाडी ही दगड तुटू नये म्हणून ठेवलेली असते, त्यावरून सोन्याच्या पत्र्याची जाडी ठरवता येत नाही. शिवाय शिल्पकार काही प्रमाणात शिल्पशास्त्राच्या संकेतांनुसार अलंकार कोरत होता. त्या काळी शिरोळ परिसरातल्या स्त्रिया प्रत्यक्षात नेमके तेच घालत होत्या असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. सोने पिढ्यान्‌पिढ्या वितळवले जात असल्यामुळे ताडून पाहायला त्या काळचे प्रत्यक्ष दागिने फारसे उरलेलेही नाहीत. म्हणून जो कोणी ‘शिलाहारकालीन दागिन्याची हुबेहूब प्रतिकृती’ असा दावा करील, त्याच्यापासून सावध राहावे. आणि जो ‘या शिल्पातून मी अमुक रेषा घेतली, बाकीचे माझे आहे’ असे सांगेल, त्याचे ऐकावे.

एक प्रश्न मुद्दाम विचारून पाहण्यासारखा आहे. या संचाबरोबर नथही करणार का? प्राचीन भारतीय शिल्पांत स्त्रियांच्या नाकात अलंकार दिसत नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे प. कृ. गोडे यांनी या विषयावर स्वतंत्र लेखन केले असून, नाकातल्या दागिन्याची प्रथा आपल्याकडे बरीच उशिरा आली असे दाखवले आहे. तेव्हा खिद्रापूरच्या शिल्पांवरून घेतलेली नथ कोणी पुढे केली, तर त्या व्यक्तीने शिल्पे नीट पाहिलेली नाहीत असे खुशाल समजावे. आपल्या डिझायनरने कंठा आणि कर्णभूषणे एवढेच निवडले आहे, हे मला त्यांच्या बाजूने पडलेले वजन वाटते.

दुसरी नेहमीची गफलत म्हणजे काळांची सरमिसळ. मोत्यांची चिंचपेटी, तन्मणी आणि मोत्यांची नथ ही पेशवाईतल्या पुण्याची नागर आवड. साज, ठुशी, बोरमाळ, पुतळ्यांची माळ ही सोन्याच्या घडणीवर उभी असलेली आपल्या भागातली दागिन्यांची तऱ्हा. घालणाऱ्याने दोन्ही एकत्र खुशाल घालावे, आजवर घातलेही आहे. पण ‘करवीर संस्थानचा वारसा’ म्हणून तन्मणी विकला जात असेल तर आधार काय, हे विचारायला हवे.

उसने घेणे हे मात्र परंपरेला नवीन नाही. आपल्या घरातली पुतळ्यांची माळ हेच त्याचे उदाहरण. व्हेनिसची सोन्याची डुकाट नाणी व्यापारातून भारतात मोठ्या प्रमाणावर येत. त्यांवर संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा शासक असे चित्र असे. आपल्याकडच्या सोनारांनी त्या नाण्यांच्या नकला केल्या आणि त्या नकलांमधून दोन परदेशी आकृत्यांच्या जागी राम-सीता आले. त्यामुळे इतिहासाशी इमान राखणे म्हणजे त्याची नक्कल करणे नव्हे, आणि आजच्या डिझायनरलाही तितकीच मोकळीक द्यायला हवी. अट एवढीच की काय घेतले आणि काय बदलले हे तिला सांगता आले पाहिजे.

मुलीला घेऊन एकदा टाऊन हॉलमधील संग्रहालयातही जाऊन या. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली ग्रीक समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तिथे आहे. त्याच टेकडीवर १९४५-४६ मध्ये डॉ. ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले आणि सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष उजेडात आणले. दीक्षित हे पुढे प्राचीन मण्यांचे अभ्यासक म्हणूनच ओळखले गेले. पंचगंगेच्या काठावरचे हे शहर दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जगाशी व्यापार करत होते, हे पाहिल्यावर ‘कोल्हापूरचा दागिना’ म्हटले की साजापाशीच थांबण्याची आपली सवय थोडी सैल होते. माझे वैयक्तिक मत विचाराल तर अकीकाचे मणी आणि सोने यांचा मेळ घालणारा सातवाहन धाटणीचा दागिना कोणी तरी करायला हवा. खड्याची किंमत किरकोळ आणि रंग अप्रतिम.

राजारामपुरी_८वी_गल्ली

सगळी चर्चा सुंदर आहे, पण सासूबाईंच्या बाजूने कोणी तरी बोलायला हवे. मोडायला गेल्यावर रचनेचे शुल्क, घडणावळ, खिद्रापूर आणि शिलाहार यांपैकी कशालाही एक रुपया मिळत नाही. सराफ टंच (सोन्याची शुद्धता) पाहून शुद्ध सोन्याचे पैसे देतो. साजाची घडणावळही परत मिळत नाही हे खरे, परंतु ती प्रमाणात कमी असते आणि साज उद्या मुलीच्या मुलीलाही ओळखू येईल. या कंठ्याची कथा सांगणारे माणूस घरात राहिले नाही, तर तो नुसता १८ कॅरटचा कंठा होईल.

शाहूपुरी_वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल डिझायनरबाईंना पुन्हा भेटून आले आणि आपण सुचवलेले प्रश्न विचारले. कंठा पूर्णपणे हाताने, पत्रा, तार आणि रवा वापरून होणार आहे. कर्णभूषणे मात्र ओतीव असतील, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. कंठ्याच्या मध्यभागी माणिके नख्यांमध्ये बसवण्याचा विचार होता म्हणून त्यांनी १८ कॅरट सुचवले होते. कोंदणात बसवून २२ कॅरटमध्ये करता येईल का, असे विचारल्यावर त्या आनंदाने तयार झाल्या. मूळ शिल्पाच्या भावाला ते अधिक जवळचे होईल, असेही म्हणाल्या. नथ करणार का, असेही विचारले, तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या की त्या मूर्तींच्या नाकात काही नाही, मी कुठून आणू. सासूबाईंनाही हे उत्तर आवडले, असे येथे नमूद करते.

एक गोष्ट मात्र खटकली. आम्ही रचनेचे शुल्क देत असूनही मूळ रेखाटने आमच्याकडे देण्यास त्यांनी नकार दिला. हे रीतीला धरून आहे का?

रेखाटन_ते_रवा

मी स्वतः याच क्षेत्रात स्वतंत्रपणे काम करते, त्यामुळे माझे उत्तर एका पक्षाचे आहे असे समजून वाचावे.

रेखाटने न देणे हे आमच्याकडे सर्वमान्य आहे. रेखाटन ही कलाकृती असून तिचा स्वामित्वहक्क, वेगळा लेखी करार नसेल तर, सामान्यतः रचनाकाराकडेच राहतो. मोठ्या संख्येने करायच्या दागिन्यांसाठी २००० च्या डिझाइन्स अॅक्टखाली नोंदणी करता येते. एकट्यादुकट्या दागिन्यासाठी ती सहसा कोणी करत नाही, म्हणून रेखाटन हातचे न सोडणे हेच आमचे संरक्षण. कागद बाहेर गेला की महिन्याभरात तोच कंठा सोन्याचा मुलामा देऊन पितळेत विकायला आलेला आम्ही पाहतो. मात्र हीच रचना दुसऱ्या कोणाला करून देणार नाही, किंवा निदान काही वर्षे देणार नाही, असे लेखी मागण्याचा हक्क शुल्क देणाऱ्याला आहे. ते जरूर मागावे. शुल्काच्या बदल्यात आपल्याला मिळते ते हेच.

शुल्कात आणखी काय येते, हेही सांगते, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. एका कंठ्यासाठी मंदिरात जाऊन वेगवेगळ्या वेळच्या उजेडात शिल्पे पाहावी लागतात, कारण दुपारी सपाट दिसणारी कोरीव रेघ सकाळच्या तिरप्या उन्हात उठून येते. मग मापे, मग मुलीच्या गळ्याचा घेर आणि खांद्यांची ठेवण, मग तांब्यात किंवा चांदीत केलेला नमुना. हा नमुना मी कधीही टाळत नाही आणि आपणही टाळू देऊ नये. कागदावर डौलदार दिसणारा कंठा गळ्यात घातल्यावर मान वळवताना हाडाला टोचतो, हे चांदीतच कळलेले बरे. सोन्यात कळले तर दुरुस्तीत घट येते, म्हणजे थोडे सोने वाया जाते. नमुन्याचा खर्च शुल्कात धरलेला आहे का, हे स्पष्ट करून घ्या.

काम कोणाच्या हातचे आहे, हेही विचारायला संकोचू नका. आमच्यापैकी फार थोडे जण सगळे काम स्वतः करतात. मी रचना करते आणि रव्याचे काम स्वतःच करते, परंतु पत्र्याचे काम गुजरीतल्या एका कारागिराकडे जाते आणि चांदीचे नमुने हुपरीत होतात, कारण चांदीतला तिथला हात मला दुसरीकडे मिळत नाही. यात कमीपणा नाही. डिझायनरने कारागिराचा उल्लेख टाळला तर मात्र मला ते खटकते. पावतीसोबत रचना कोणाची आणि घडण कोणाची हे दोन्ही लिहिलेला, आधारभूत शिल्पाचे छायाचित्र जोडलेला एक कागद मागून घ्या. राजारामपुरीच्या सदस्यांनी कथा हरवण्याची जी शंका काढली आहे ती रास्त आहे, आणि तिच्यावर मला माहीत असलेला उपाय हा एवढाच.

व्यवहाराचे थोडे. घरातले जुने सोने देऊन त्यातूनच कंठा करणार असाल, तर देण्यापूर्वी त्याचे टंच काढून आकडा दोघांच्या सहीने लिहून ठेवा, आणि घट किती धरणार हेही आधीच ठरवा. अशा कामात जीएसटी मजुरीवर ५ टक्के लागतो. सोने त्यांच्याकडूनच घेतल्यास दागिन्याच्या किमतीवर ३ टक्के. आगाऊ रक्कम सोन्याच्या त्या दिवसाच्या भावाने बांधून घ्यायची की देताना असेल त्या भावाने, यावरून सर्वाधिक भांडणे होतात. मी स्वतः आगाऊ रकमेएवढे सोने त्याच दिवशी खरेदी करून ठेवते.

गुजरीतला_हात

कोंदणाचा निर्णय चांगला झाला. फक्त एक लक्षात ठेवा: माणिके कोंदणात बसवल्यावर हा दागिना हॉलमार्कच्या सक्तीबाहेर जाऊ शकतो, म्हणून खडे बसवण्यापूर्वीच सोन्याच्या सांगाड्याचा हॉलमार्क करून घेता येईल का हे त्यांच्या सराफाला विचारा, न झाल्यास शुद्धता आणि निव्वळ वजन पावतीवर लेखी घ्या. कंठा गाठवायचा असेल, तर तो पटवेकऱ्याकडून (दागिने दोऱ्यात गाठवणाऱ्याकडून) रेशमात गाठवून घ्या, नायलॉनच्या दोऱ्यात नको, कारण नायलॉनच्या गाठी सुटतात आणि मण्यांच्या कडेने तो कापला जातो. कोंदणातल्या खड्यांना पाणी लागू देऊ नका आणि घरी साबणाने धुऊ नका. आत पाणी गेले की खड्याची झळाळी जाते आणि तो पुन्हा उघडून बसवावा लागतो. आपल्या साजालाही, लाख भरलेली असल्यामुळे, गरम पाण्यापासून दूर ठेवावे. दोन्ही डबे वेगळे ठेवा, म्हणजे साजाच्या पानांचे कोपरे कंठ्याच्या रव्यावर घासणार नाहीत.